रेघेवरचे क्रियापद : भूदृश्याच्या अभ्यासात संकल्पना-नकाशाचा उपयोग

‘भूदृश्य’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो. चित्रकलेत तो निसर्गचित्राच्या जवळ जातो. भूगोल, वास्तुकला, नगररचना आणि पर्यावरण या विद्याशाखांमध्ये मात्र एखाद्या प्रदेशाची जमीन, पाणी, वनस्पती, प्राणी, तेथे माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली घडण आणि त्या प्रदेशाकडे पाहण्याची लोकांची दृष्टी यांच्या परस्परसंबंधातून जे रूप सिद्ध होते, त्याला भूदृश्य म्हणतात. अमेरिकन भूगोलज्ञ कार्ल साउअर यांनी १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात संस्कृती हा कर्ता, नैसर्गिक प्रदेश हे माध्यम आणि सांस्कृतिक भूदृश्य हे फलित अशी मांडणी केली, तर २००० साली फ्लॉरेन्स येथे झालेल्या युरोपीय भूदृश्य करारात लोकांच्या आकलनालाही व्याख्येत स्थान मिळाले. दोन्ही व्याख्यांचा भर संबंधांवर आहे. प्रत्यक्ष अभ्यासात मात्र पावसाचे आकडे एका वहीत, झाडांची यादी दुसऱ्या वहीत, जुन्या इमारतींची छायाचित्रे तिसरीकडे आणि लोकांच्या मुलाखती चौथीकडे अशी विभागणी होते, आणि ज्या संबंधांमुळे या सगळ्याला भूदृश्य म्हणावयाचे ते संबंध कोणत्याच वहीत लिहिलेले नसतात. ही उणीव भरून काढण्यास संकल्पना-नकाशा हे साधन उपयोगी पडते. त्याची पद्धत येथे बडोदे शहर आणि विश्वामित्री नदी यांच्या उदाहरणाने स्पष्ट केली आहे.

साधनाचे स्वरूप

संकल्पना-नकाशा ही पद्धत अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ च्या सुमारास विकसित केली. शाळकरी मुलांच्या मुलाखतींतून त्यांच्या विज्ञानाच्या आकलनात काळानुसार कसा बदल होतो हे शोधताना मुलाखतींचे ढीग साचले आणि त्यांतील अर्थ नेमकेपणाने मांडण्यासाठी हा मार्ग निघाला. त्यामागे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांचा सिद्धान्त होता. नवे ज्ञान आधीच्या ज्ञानाशी अर्थपूर्ण रीतीने जोडले गेले तरच ते टिकते, सुटी माहिती पाठ केली तर ती गळून जाते, असे त्या सिद्धान्ताचे सार सांगता येईल.

या नकाशाचे घटक चार आहेत. चौकटीत लिहिलेला एक-दोन शब्दांचा संबोध म्हणजे संकल्पना. दोन चौकटींना जोडणाऱ्या रेघेवर लिहिलेले, बहुधा क्रियापद असलेले शब्द म्हणजे जोडशब्द. दोन संकल्पना आणि त्यांमधील जोडशब्द मिळून वाचता येणारे अर्थपूर्ण वाक्य म्हणजे विधान. आणि नकाशाच्या एका भागातील संकल्पनेला दूरच्या दुसऱ्या भागाशी जोडणारी रेघ म्हणजे आडवा दुवा. व्यापक संकल्पना वर आणि विशिष्ट संकल्पना खाली, अशी मांडणी सामान्यतः केली जाते. टोनी बुझान यांनी लोकप्रिय केलेल्या मनोनकाशात मध्यभागी एक विषय असतो, त्यातून फांद्या फुटतात आणि फांदीवर संबंधाचे नाव लिहिण्याचे बंधन नसते. संकल्पना-नकाशात हेच बंधन मुख्य आहे, आणि भूदृश्याच्या अभ्यासकाला त्याचा सर्वांत मोठा लाभ याच बंधनातून मिळतो, कारण रेघेवर क्रियापद लिहिता आले नाही तर तो संबंध अद्याप समजलेला नाही हे त्याच क्षणी उघड होते.

बडोद्याचा पूर्वसंस्कार

बडोद्यात या रीतीच्या विचाराला एक जुना पूर्वसंस्कार आहे. स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले आणि सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या कारकिर्दीत, १९१६ मध्ये, त्यांनी बडोदे शहराच्या विकास व विस्ताराविषयीचा अहवाल सादर केला. तरुणपणी मेक्सिकोत असताना काही काळ त्यांची दृष्टी गेली होती. अंधाऱ्या खोलीत काढाव्या लागलेल्या त्या दिवसांत कागदाला घड्या घालून, घड्यांनी पडलेल्या चौकोनांत एकेक संकल्पना ठेवून त्यांचे परस्परसंबंध तपासण्याची युक्ती त्यांनी शोधली, आणि पुढे आयुष्यभर या घडीच्या कागदांना ते विचारयंत्रे म्हणत राहिले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ ल प्ले यांच्या सूत्रावरून घेतलेली स्थळ, काम आणि लोक ही त्रयी या चौकोनांत प्रमुख होती. गेडिस यांचा कागद आणि नोव्हाक यांचा नकाशा या वेगळ्या गोष्टी आहेत, कारण पहिल्यात संबंध चौकोनांच्या जागेवरून सूचित होतो आणि दुसऱ्यात तो शब्दांत लिहावा लागतो. तथापि प्रदेश समजून घ्यायचा तर त्याचे घटक एका कागदावर समोरासमोर आणले पाहिजेत, हा आग्रह दोघांतही समान आहे.

गेडिस यांची दुसरी कल्पना म्हणजे दरीचा छेद. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत नदीच्या वाटेने जाणारी एक उभी आकृती काढून तीवर खाणकामगार, लाकूडतोड्या, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी आणि कोळी यांची कामे त्या-त्या उंचीवर दाखवायची, अशी तिची रचना होती. विश्वामित्रीचा प्रवाह या आकृतीत सहज बसतो. लाव्हापासून बनलेल्या खडकांच्या पावागडाच्या परिसरात ती उगम पावते, गाळाच्या सपाट मैदानातून वळणे घेत बडोदे शहराच्या मधून जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळून तिचे पाणी खंभातच्या आखातात पोहोचते. संकल्पना-नकाशा काढण्यापूर्वी असा एक छेद काढून भिंतीवर लावला तर नंतर सुचणाऱ्या संकल्पनांना आपापली जागा मिळते आणि शहराची हद्द हीच अभ्यासाची हद्द मानण्याची चूक टळते.

पहिली पायरी : केंद्रप्रश्न

नकाशाचा आरंभ विषयाने करू नये, प्रश्नाने करावा. ‘विश्वामित्री’ हा विषय घेतला तर पुराणकथेपासून पुलांपर्यंत सर्व काही कागदावर येते आणि कशाचाच शेवट लागत नाही. ‘मुसळधार पावसानंतर विश्वामित्रीचे पाणी शहरात का शिरते आणि का साचून राहते?’ असा प्रश्न कागदाच्या माथ्यावर लिहिला म्हणजे कोणती संकल्पना आत घ्यायची आणि कोणती बाहेर ठेवायची याचा निकष मिळतो. या प्रश्नाला ताजे संदर्भही आहेत. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नदीची पातळी ३५ फुटांच्या वर जाऊन शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. चांगला केंद्रप्रश्न ‘का’, ‘कसे’ किंवा ‘कशामुळे’ या शब्दांवर उभा असतो. ‘कोणते’ किंवा ‘किती’ या शब्दांवर उभे असलेले प्रश्न यादी देतात, त्यांतून संबंध हाती येत नाहीत.

दुसरी पायरी : संकल्पनांची यादी आणि शब्दांची निवड

केंद्रप्रश्नाशी संबंधित १५ ते २५ संकल्पना प्रथम चिठ्ठ्यांवर लिहून काढाव्यात. मागे गोंद असलेल्या चिठ्ठ्या असल्यास त्या हलवणे सोपे जाते. वरील प्रश्नासाठी पाऊस, पाणलोट, आजवा सरोवर, नदीची वळणे, कोतर, कांस, तळी, गाळ, भराव, काठावरची झाडी, मगर, वस्ती, पूल, सांडपाणी, पूरमैदान अशी यादी होऊ शकते. या चिठ्ठ्या कागदाच्या एका बाजूला प्रतीक्षा-यादीत ठेवाव्यात आणि जोडशब्द सापडेल तशी एकेक चिठ्ठी नकाशात न्यावी. शेवटपर्यंत यादीतच राहिलेली चिठ्ठी फाडून टाकू नये, कारण ती अनावश्यक तरी आहे किंवा तिचा संबंध अजून उमगलेला नाही, आणि या दोहोंपैकी काय खरे हे नंतरच्या क्षेत्रभेटीत कळते.

शब्दांची निवड करताना स्थानिक शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. विश्वामित्रीच्या दोन्ही बाजूंना मऊ गाळाच्या जमिनीत पावसाच्या पाण्याने खोल घळी कोरल्या आहेत आणि त्यांना गुजरातीत ‘कोतर’ म्हणतात. शहरातून वाहत जाऊन नदीला मिळणाऱ्या पावसाळी ओढ्यांना ‘कांस’ म्हणतात आणि भूखी कांस, रूपारेल कांस ही त्यांची नावे बडोदेकरांच्या बोलण्यात आहेत. मराठी अभ्यासक या दोन्हींसाठी ‘नाला’ हा एकच शब्द लिहून मोकळा झाला, तर नकाशात एकच चौकट उरते आणि दोन वेगळी कार्ये एकमेकांत मिसळतात. कोतर पुराचे पाणी काही काळ सामावून घेते, कांस पाणी वाहून नेते. शिवाय ‘नाला’ हा शब्द आज गटाराच्या अर्थाने रूढ झाल्यामुळे त्या चौकटीजवळ ‘बंदिस्त करणे’ किंवा ‘बुजवणे’ ही क्रियापदे नकळत येऊन बसतात. म्हणून जो शब्द काठावरचे लोक वापरतात तोच चौकटीत लिहावा आणि त्याचा मराठी खुलासा कागदाच्या तळाशी द्यावा.

तिसरी पायरी : जोडशब्द

चिठ्ठ्या मांडल्यावर रेघा ओढाव्यात, आणि प्रत्येक रेघेला बाणाची दिशा व क्रियापद द्यावे. ‘संबंधित आहे’, ‘परिणाम होतो’, ‘महत्त्वाचे आहे’ हे जोडशब्द वर्ज्य मानावेत, कारण ते कोणत्याही दोन गोष्टींमध्ये घालता येतात आणि म्हणून काहीच सांगत नाहीत. ‘पाऊस आणि कोतर यांचा संबंध आहे’ या विधानाऐवजी पुढील विधाने पाहावीत :

पाऊस → मऊ माती कापून → कोतर घडवतो.
कोतर → चढत्या पाण्याला → पसरायला जागा देते.
बांधकामाचा भराव → कोतरात → पाणी पसरण्याची जागा कमी करतो.
काठावरची झाडी → मुळांनी → माती धरून ठेवते.

ही प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे वाचता येते, खरी की खोटी हे ठरवता येते आणि खोटी ठरल्यास खोडता येते. नकाशातील प्रत्येक विधान असे मोठ्याने वाचून पाहावे, आणि जे वाक्य व्याकरणाने अडखळते ते आशयानेही अडखळत असल्याचे समजून पुन्हा लिहावे.

एकाच संकल्पनेतून दोन विरुद्ध क्रियापदे निघतात तेथे विशेष थांबावे. आजवा सरोवर हे सयाजीरावांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शहराच्या पूर्वेला बांधले गेले आणि तेथून नळाने शहराला पाणी मिळू लागले; ‘आजवा → पाणी पुरवते → शहर’ हे विधान त्यामुळे निर्विवाद आहे. परंतु आजवा विश्वामित्रीच्या पाणलोटात आहे, आणि भर पावसाळ्यात त्यातून जास्तीचे पाणी सोडावे लागले तर ते नदीवाटे शहराकडेच येते. तेव्हा त्याच चौकटीतून ‘आजवा → पुराच्या पाण्यात भर घालते → विश्वामित्री’ अशी दुसरी रेघ निघते. पहिली रेघ अभिमानाने सांगितली जाते आणि दुसरी पूर आल्यावरच आठवते. नकाशात मात्र दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर राहतात, आणि सरोवराची पातळी कोणत्या महिन्यात किती ठेवावी हा प्रश्न त्या दोन रेघांमधून आपोआप उभा राहतो.

चौथी पायरी : आडवे दुवे

नकाशाचे एकेक अंग पूर्ण झाल्यावर दूरच्या अंगांना जोडणारे दुवे शोधावेत, कारण नवी कल्पना बहुधा याच ठिकाणी सुचते. पुराच्या नकाशात ‘मगर’ ही चिठ्ठी प्रथम उपरी वाटते. विश्वामित्रीत भर शहरात मगरींचा नैसर्गिक अधिवास आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या प्राण्याला संरक्षण आहे, इतके लिहून ती चिठ्ठी एका कोपऱ्यात राहू शकते. परंतु मगरीच्या गरजा रेघांनी मांडल्या की चित्र बदलते : मगर उन्हात पडून राहण्यासाठी उताराचा काठ वापरते, मातीच्या काठात बिळे करते आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास काठावरच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, ज्यांतून पावसाळ्याच्या तोंडाशी पिल्ले बाहेर पडतात. दुसरीकडे नदीतील गाळ काढण्याची आणि पात्र रुंद करण्याची कामे कोरड्या ऋतूतच करावी लागतात, आणि २०२५ मध्ये असे मोठे काम विश्वामित्रीवर हाती घेण्यात आले. ‘पूरनियंत्रणाचे काम’ आणि ‘मगरीची अंडी’ या दोन चौकटींमध्ये ‘त्याच महिन्यांत, त्याच काठावर येते’ असा आडवा दुवा ओढताच जलअभियांत्रिकी आणि प्राणिशास्त्र या दोन वेगळ्या वह्यांतील नोंदी एका वेळापत्रकात येतात.

आकलनाच्या बाजूचे आडवे दुवेही असेच शोधावेत. गुजरातेत खोडियार मातेचे वाहन मगर आहे, नदीचे नाव विश्वामित्र ऋषींशी जोडले गेले आहे आणि उगमाकडच्या पावागडावर कालिका मातेचे स्थान आहे. काठावरचे लोक मगरीला किती भितात, तिला किती सहन करतात आणि त्यात श्रद्धेचा वाटा किती, हे तपासण्यासाठी या चौकटी नकाशात असणे आवश्यक आहे. चांपानेर-पावागडला २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो याच परिसराला, म्हणजे वारसा आणि पाणलोट एकाच डोंगरावर नांदतात, हा दुवाही विसरू नये.

पाचवी पायरी : काळाचे थर

भूदृश्य स्थिर नसते, म्हणून एका नकाशावर न थांबता निरनिराळ्या काळांचे दोन-तीन नकाशे एकाच प्रश्नाने काढावेत आणि शेजारी ठेवावेत. बडोद्यासाठी ‘शहराला पाणी कोठून आणि कसे मिळते?’ हा प्रश्न या दृष्टीने फार फलदायी आहे. इ.स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात वडपद्रक या नावाने येणारे गाव, जे तेव्हा अंकोट्टक म्हणजे आजच्या अकोटा या मोठ्या वस्तीशी जोडलेले होते, ते नदीकाठाच्या आधाराने वसलेले दिसते. पुढच्या काळात नवलखी वावेसारख्या पायऱ्यांच्या विहिरी आणि सुरसागरासारखी तळी येतात. सयाजीरावांच्या काळात आजवा येते. आणि आजच्या नकाशात आजव्याबरोबर मही नदीच्या पात्रातील फ्रेंच विहिरी (वाळूतून झिरपलेले पाणी गोळा करणाऱ्या विहिरी) व नर्मदेचे पाणी यांच्या चौकटी वाढतात.

या नकाशांची तुलना करताना चौकटींपेक्षा क्रियापदांचा बदल पाहावा. सुरसागर एकदा आल्यावर पुढच्या प्रत्येक नकाशात आहे, पण त्याचे क्रियापद तेच राहत नाही. पाणी साठवणाऱ्या तळ्याभोवती पुढे शहराचे फिरण्याचे आणि उत्सवाचे ठिकाण तयार होते. १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी उभारलेल्या सयाजीबागेचेही, जिला बडोदेकर कमाटीबाग म्हणतात, असेच वाचन करता येते : विहार, संग्रहालय, प्राणिसंग्रहालय ही तिची कार्ये सर्वांना परिचित आहेत, परंतु काठावरची मोकळी जमीन म्हणून पुराच्या वेळी ती काय करते, हा प्रश्न क्रियापद लिहायला बसल्यावरच सुचतो. एखाद्या जागेचे नाव तेच राहून क्रियापद बदलले, तर तेथे भूदृश्याचा इतिहास घडलेला असतो.

सहावी पायरी : क्षेत्रभेट आणि पुनर्लेखन

खोलीत बसून काढलेला नकाशा हा गृहीतकांचा नकाशा असतो. म्हणून त्यातील रेघांची तीन वर्गांत विभागणी करावी : कागदपत्राचा किंवा प्रत्यक्ष पाहणीचा आधार असलेले विधान अखंड रेघेने, केवळ अनुमान असलेले विधान तुटक रेघेने आणि क्रियापदच न सापडलेला संबंध प्रश्नचिन्हाने दाखवावा. प्रत्येक तुटक रेघेला क्रमांक देऊन तो क्रमांक परिसराच्या भौगोलिक नकाशावर योग्य जागी लिहावा, म्हणजे क्षेत्रभेटीचा मार्ग तयार होतो. संकल्पना-नकाशावरील अंतरांना भौगोलिक अर्थ नसतो, ही मर्यादा या जोडणीने भरून निघते.

भेटीच्या वेळी प्रश्नही नकाशातूनच घ्यावेत. कालाघोडा चौकाजवळच्या पुलावरून हिवाळ्यात दुपारी पाहताना मगरी मातीच्या उतारावर दिसतात की दगडी बांधणीवर, भरावाच्या पलीकडचे कोतर अजून नदीपर्यंत मोकळे आहे की मध्येच तुटले आहे, काठावर झाडी आहे तेथे माती किती ढासळली आहे, या साध्या निरीक्षणांनी एकेक तुटक रेघ अखंड होते किंवा पुसली जाते. दांडिया बाजार, रावपुरा अशा जुन्या वस्त्यांतील वडीलधाऱ्या माणसांना त्यांच्या भिंतीवर पाणी कोठपर्यंत चढले होते ती खूण दाखवायला सांगावे आणि ती उंची मोजून नोंदवावी. ‘पूर फार मोठा होता’ या वाक्यापेक्षा भिंतीवरची खूण नकाशाला अधिक बळकट आधार देते. परत आल्यावर नकाशा नव्याने काढावा व जुना जपून ठेवावा, कारण दोन प्रतींमधील फरक हाच अभ्यासाच्या प्रगतीचा पुरावा असतो. फ्लोरिडातील एका संशोधन संस्थेने तयार केलेली सीमॅपटूल्स ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते व ती मोठ्या गटांना सोयीची आहे. तथापि पहिली प्रत हाताने कागदावर काढलेली असावी, कारण खोडण्याची आणि चिठ्ठी हलवण्याची मोकळीक तेथे अधिक असते.

टाळावयाच्या चुका

नवशिक्यांच्या नकाशांत काही चुका वारंवार आढळतात. चौकटीत संकल्पनेऐवजी पूर्ण वाक्य लिहिले तर जोडशब्दाला जागा उरत नाही. सर्व चौकटी एकाच दोरीत ओवल्या तर तो घटनाक्रम होतो, आणि सर्व रेघा एकाच मध्यवर्ती चौकटीतून निघाल्या तर ती सजवलेली यादी होते. भूदृश्याचा नकाशा जाळ्यासारखा असला पाहिजे आणि त्यात किमान दोन-तीन ठिकाणी वाट फिरून मूळ संकल्पनेकडे परत आली पाहिजे, कारण पूर गाळ आणतो, गाळ पात्र उथळ करतो आणि उथळ पात्र पुढचा पूर वाढवते, अशी चक्रे निसर्गात सर्वत्र आहेत. ‘कोतर’ ही संकल्पना आणि एखाद्या विशिष्ट सोसायटीमागचे कोतर हे उदाहरण यांची गल्लत करू नये; उदाहरणे चौकटीविना सर्वांत खाली लिहावीत. शेवटची चूक सर्वांत मोठी आहे : सुबकपणाच्या हौसेने प्रश्नचिन्हे पुसून टाकणे.

गटाने काम करताना ही शेवटची सूचना अधिकच जपावी. वास्तुकलेचा विद्यार्थी, वनस्पतींचा जाणकार, अभियंता आणि काठावर राहणारी गृहिणी यांनी एकाच केंद्रप्रश्नावर आधी वेगवेगळे नकाशे काढावेत आणि नंतर ते एकत्र वाचावेत. जेथे चौघांनी एकाच रेघेवर चार वेगळी क्रियापदे लिहिली असतील तेथे घाईने एकमत करू नये, कारण शहरातील खरा वाद तेथेच असतो आणि तो शब्दांत आला म्हणजे निदान त्यावर बोलता येते.

विश्वामित्रीविषयी निर्णय घेणारे, तिच्यावर प्रबंध लिहिणारे आणि तिच्या काठी राहणारे बडोदेकर या सर्वांना एकाच कागदाभोवती बसवण्याची सोय या साध्या पद्धतीत आहे. ज्या वाचकाला आरंभ करावयाचा आहे त्याने पुढचा पावसाळा येण्यापूर्वी आपल्या घराजवळच्या ओढ्याचा, तळ्याचा किंवा नदीचा एक प्रश्न कागदाच्या माथ्यावर लिहावा, पंधरा चिठ्ठ्या मांडाव्यात आणि ज्या रेघेवर क्रियापद सुचणार नाही त्या जागी पहिली भेट द्यावी.